नाफडे सरांची डावी पोटरी

नाफडे सरांइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि रोज सकाळी दाढी करताना मी एका घाबरटाकडे चांगली पाच मिनिटं बघत असतो, तेव्हा त्यातलं मला थोडंफार कळतं. फरक इतकाच, की मी घाबरलो की डोळे मिटतो आणि सर घाबरले की मोजायला बसायचे. माणसाच्या पायाच्या स्नायूंतून किती रक्त वाहतं, ही एकच गोष्ट त्यांनी जन्मभर मोजली. दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी संस्थेत त्यांची त्यासाठी प्रयोगशाळा होती. कितीतरी अनोळखी पाय त्यांच्या हाताखालून गेले. पण ज्या पायाने त्यांना खरंखुरं घाबरवलं तो त्यांचा स्वतःचाच निघाला. डावा.

देशाची दारं उघडली असं पेपरात रोज छापून यायचं, त्या वर्षांतली ही हकिगत. आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत ती दारं उघडून आधी केबलवाला आत आला, मग वॉशिंग मशीन, आणि मग माझी नोएडाची नोकरी. त्याआधी मी एका सरकारी कंपनीत फायली सरकवत होतो. नोएडात एक पंजाबी गृहस्थ परदेशातून वैद्यकीय यंत्रं आणून विकत. त्यांच्याकडे मी टाय लावून जाऊ लागलो. टायची गाठ मला येत नसे. मंजूने, म्हणजे बायकोने, एकदा बांधून दिलेली गाठ मी तीन वर्षं न सोडता डोक्यातून काढत-घालत होतो. सांगायचा मुद्दा, मला यंत्रांतलं काही कळत नव्हतं. मी ती विकत होतो.

नाफडे आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. उंच, किडकिडीत, दिवाळीपासून होळीपर्यंत डोक्यावर माकडटोपी. मूळचे खामगावचे. तीस वर्षं दिल्लीत काढूनही हिंदी बोलताना आधी मनात वाक्य जुळवायचे, त्यामुळे रिक्षावाल्याला ते फार विचारी माणूस वाटत. एकच व्यसन, सिगरेट. तीही भीतीपोटी. फोन वाजला की एक, बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, बाजारातून यायला उशीर झाला की दोन.

भाजीच्या ठेल्यावर त्यांची ख्याती होती. सगळे जण बटाट्यांकडे बघत, सर तराजूकडे. आणि बटाटे चढण्याआधी.

"पहले खाली दिखाओ."

"बाबूजी, आलू लेने हैं कि तराजू?" ठेलेवाला म्हणायचा.

"खाली दिखाओ."

मग तो कपाळाला हात लावून रिकामा तराजू उचलून दाखवायचा. दोन्ही पारडी समोरासमोर आली की सर मान डोलावत, आणि त्यापुढे वजन किती भरतं हे बघतसुद्धा नसत. त्या गल्लीत त्यांचं नावच 'खालीवाले बाबूजी' पडलं होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अविनाशराव, आहे तेव्हा आहे म्हणणारं यंत्र कुणीही करील. नाही तेव्हा नाही म्हणतं का, ते बघायचं. मला त्याचीच भीती वाटते."

आमच्या सईला एकदा ताप आला. ती तेव्हा सात वर्षांची. आमचा थर्मामीटर फुटलेला, म्हणून मी वर गेलो. सर थर्मामीटर घेऊन खाली आले आणि त्यांनी तो सईच्या नव्हे, माझ्या तोंडात घातला.

"अहो सर, ताप तिला आहे."

"म्हणूनच. तुम्हाला नाही ना? मग याने आधी नाही म्हणू दे."

दोन मिनिटांनी त्यांनी तो काढून उजेडात धरला, मग माझ्या कपाळाला हात लावला. मला एकशे एक होता. पुढचे चार दिवस मी आणि सई एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपून होतो आणि मंजू आम्हाला आळीपाळीने पेज भरवत होती. थर्मामीटर बरोबर निघाल्याचा सरांना आनंद झाला, पण तो मला बघून त्यांनी आवरता घेतला.

त्यांची मोजायची पद्धत मला समजली ती आमच्याच घरामुळे. मांडीला हवेचा एक पट्टा बांधायचा, रक्तदाब बघताना दंडाला बांधतात तसा. तो एवढाच फुगवायचा की हृदयाकडून येणारं रक्त आत येत राहावं, पण परत जाणारं अडावं. म्हणजे पोटरी केसभर फुगते. पोटरीभोवती पारा भरलेली बारीक रबरी नळी गुंडाळलेली असते, ती ताणली जाते, आणि कागदावरची सुई वर चढते. चढण जितकी उभी तितकं रक्त जास्त. दिल्लीतलं मराठी घर याहून वेगळं नसतं. पाहुणे येत राहतात, वैष्णोदेवीला जाणारे, कलेक्टर व्हायला आलेले भाचे-पुतणे. आणि परतीचं रिझर्वेशन मिळेपर्यंत जात कुणीच नाही. घर किती फुगलं यावरून स्टेशनातून किती माणूस आत येतोय ते सांगता यावं. हे मी सरांना ऐकवलं तेव्हा ते हसले नाहीत. "फक्त संडासापुढची रांग मोजत बसू नका," म्हणाले. "आपण एक मोजतो आणि भलतंच मोजलं जातं. सगळी भीती तिथे असते."

त्यातली दुसरी चाचणी जास्त कडक होती. पट्टा पूर्ण आवळून पायाचं रक्तच तीन मिनिटं बंद करायचं आणि मग एकदम त्या पहिल्या, हलक्या दाबापर्यंत सोडायचं. उपाशी राहिलेल्या स्नायूंत रक्त उसळून येतं. निरोगी पायात ते धावत येतं, सुई जवळजवळ उभी चढते. नळ्या आतून बुजत चालल्या असतील तर ते चालत येतं. सर या उसळीकडे डोळ्यांत प्राण आणून बघायचे, कारण त्यांच्या वडिलांचा पाय असाच गेला होता. खामगावला पोस्टमास्तर होते ते. आधी चालताना पोटरी दुखायची, थांबलं की राहायची. मग बसल्याजागी दुखू लागली. मग बोटं काळी पडली, आणि सर मॅट्रिकला असताना पाय गुडघ्याखालून कापला. हे मला काकूंनी सांगितलं. सरांनी कधीच नाही.

प्रयोगशाळेत त्यांचा एक नेम होता. दुसऱ्या कुणाच्या पायाला पट्टा लावण्याआधी सर तो स्वतःच्या डाव्या पायाला लावून घेत. रोज. "आधी माझा पाय. परक्या माणसाला आवळण्याआधी आपल्याला काय होतं ते बघावं." कारण हेही भीतीचंच. पण त्यामुळे त्यांच्या कपाटात एक जाड वही तयार झाली होती, जिच्यात अठरा-वीस वर्षांची एकाच पोटरीची उसळी रोजच्या रोज लिहिलेली होती. विद्यार्थी तिला 'स्टँडर्ड पाय' म्हणत. यंत्र बिघडलं का अशी शंका आली की स्टँडर्ड पाय लावायचा. आकडा नेहमीचा आला की यंत्र ठीक.

एका हिवाळ्यात सरांनी मला संस्थेत बोलावलं. "एक निरोगी पाय हवाय. तुमचा चालेल."

मला कोण आनंद! ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून मी गेलो. बिश्तजी नावाचे पिकल्या केसांचे गढवाली टेक्निशियन होते, त्यांनी मला पलंगावर झोपवून पँट गुडघ्यावर गुंडाळली. सरांनी पट्टा पूर्ण आवळला. पहिल्या मिनिटाला पाय जड झाला, दुसऱ्याला त्यात मुंग्या, आणि तिसऱ्याला मी मंजूला विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते सांगितलं नसल्याचं आठवून घाबराघुबरा झालो.

"सर, बोटं निळी पडली!"

"मोज़े नीले हैं, साहब," बिश्तजी म्हणाले.

पट्टा सुटला, सुई सरळ वर गेली. बिश्तजी म्हणाले, "वाह, घोड़ा है।" सर मात्र कागदाकडे बघत राहिले, बराच वेळ. मग बाहेर जाऊन सिगरेट ओढून आले.

त्यानंतर सहा महिन्यांत त्यांनी मला पाच वेळा बोलावलं. माझी समजूत झाली की माझा पाय विशेष आहे. सोसायटीच्या गणपतीत मी दोन-तीन जणांना तसं सांगितलंही. मंजू म्हणाली, "अहो, दूध आणायला जाताना नाही दिसत हा घोडा."

याच सुमारास सरांना बाजाराची आवड लागली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस त्यांना मुख्य रस्त्यावर सोडायची, तिथून सोसायटीपर्यंतच्या वाटेवर नवी दुकानं झाली होती, मोठमोठ्या काचांची. पंधरा वर्षं एकच स्वेटर वापरणारा हा माणूस त्या काचांपुढे उभा राहू लागला. आधी टीव्हीच्या दुकानापुढे, मग पुढे स्वयंपाकाच्या ओट्याच्या, मग नळ आणि वॉश बेसिनच्या. प्रत्येक ठिकाणी तीन-चार मिनिटं, अगदी तल्लीन होऊन. सोसायटीत चर्चा सुरू झाली. खालच्या मजल्यावरचे गुप्ताजी म्हणाले, "डॉक्टर साब का बंगला बन रहा है क्या नोएडा में?" मीही विनोद केला की उदारीकरण एकदाचं तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं. आज तो विनोद आठवला की मला माझीच लाज वाटते.

आणि त्याच दिवसांत आमच्या मालकांनी ते यंत्र आणलं.

ब्रीफकेसएवढं. एक चकती पोटरीवर चिकटवायची, बटण दाबायचं, की पडद्यावर हिरवा आकडा. पारा नाही, रबरी नळी नाही, कागदावर सुई नाही. मालक म्हणाले, "अविनाशजी, आपके वो पड़ोसी डॉक्टर हैं न? बस एक चिट्ठी लिखवा दो कि ये मसल का ब्लड फ्लो सही नापती है। फिर सारे हॉस्पिटल अपने।" मी मान हलवली. टाय लावलेला माणूस दुसरं काय हलवणार?

यंत्र घेऊन मी संस्थेत गेलो तेव्हा सर नेहमीसारखे त्याच्याभोवती दोनदा फिरले, वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, "आधी माझा पाय."

चकती लागली. तीन मिनिटं आवळून पट्टा सोडला. आकडा सरसर वर चढला. पंचवीस, चाळीस, साठ. सर पडद्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी येत होतं जे मी कधी बघितलं नव्हतं. मला क्षणभर कळेना, मग कळलं, की माणूस खूश झालाय.

"बिश्तजी, साठ!"

"हाँ जी, साठ।"

"म्हणजे जुनी नळीच खराब झाली होती. मी म्हणत होतोच. रबर जुनं झालं की असंच होतं." मग त्यांनी बिश्तजींना पाठवून कँटीनमधून समोसे मागवले. स्वतः दोन खाल्ले. जाताना मला म्हणाले, "चिट्ठी देऊ. आठवडाभरात देऊ."

घरी येऊन मी मंजूला सांगितलं. ती वरणाला फोडणी देत होती. मागे वळून म्हणाली, "त्यांनी खाली बघितलं का?"

"म्हणजे?"

"रिकामं. बटाट्यांआधी."

मी आठवून पाहिलं. बघितलं नव्हतं. रक्त पूर्ण बंद असताना ते यंत्र शून्य दाखवतं का, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. पट्टा आवळलेली ती तीन मिनिटं सर डोळे मिटून पडले होते, आणि पट्टा सुटल्यावरच त्यांनी पडद्याकडे मान वळवली होती. भाजीवाल्याला वर्षानुवर्षं छळणारा माणूस आणि डोळे मिटतो? ते तर माझं काम.

दुसऱ्या दिवशी विचारायचं असं मी ठरवलं. विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला चिट्ठी हवी होती, हे एक. पण खरं सांगायचं तर सर त्या आठवड्यात जिन्यात शीळ घालायला लागले होते, आणि शीळ का घालताय असं कुणाला विचारता येत नाही.

मग तो गुरुवार आला. मी नोएडाहून लवकर परतत होतो, पाच-साडेपाचची वेळ. आमच्या भागातली लाईट गेलेली. सगळी दुकानं अंधारलेली, दुकानदार बाहेर स्टुलांवर बसून वारा घेत होते. टीव्हीच्या दुकानापुढे सर उभे होते. काचेच्या आत सात-आठ टीव्ही ओळीने, सगळे बंद, काळे. आणि त्या काळ्या काचांकडे सर एकटक बघत होते.

मी स्कूटर थांबवली, पण उतरलो नाही. बंद टीव्हीत हा माणूस काय बघतोय? मग त्यांचा हात दिसला. डावा हात खाली, मागे, पोटरीवर. बोटं रुतलेली. चेहऱ्यावर घाम. तीन-चार मिनिटांनी त्यांनी हात काढला, शर्ट सारखा केला, आणि चालू लागले. ओट्यांच्या दुकानापर्यंत गेले. तिथे थांबले.

हा माणूस कधीच काही विकत घ्यायला थांबत नव्हता. पोटरी चालू देत नव्हती म्हणून थांबत होता. आणि रस्त्यात नुसतं उभं राहायला लाज वाटते म्हणून दुकानाकडे तोंड करत होता. आधी चालताना दुखायची, थांबलं की राहायची. काकूंचे शब्द माझ्या कानात सुरू झाले. मग बसल्याजागी. मग बोटं.

आणि मग माझ्या घोड्याचाही उलगडा झाला. पाच वेळा त्यांनी मला बोलावलं ते माझा पाय विशेष होता म्हणून नाही. वहीतली त्यांची उसळी महिन्यामागून महिना खाली येत होती. त्यांनी नळी बदलून पाहिली असणार, पट्टा बदलला असणार, हीटर लावून खोली गरम केली असणार. शेवटी त्याच नळीने, त्याच खोलीत दुसऱ्याचा पाय मोजला. माझी उसळीही कमी भरली असती तर पद्धत चुकतेय असं ठरलं असतं, आणि त्यांचा पाय सुटला असता. पाच वेळा ते याच आशेने कागदाकडे बघत राहिले, आणि पाच वेळा मी, मूर्ख, तिथे झोपून घोड्यासारखा निघालो.

शुक्रवारी मी सुट्टी काढून संस्थेत गेलो. बोलायची हिंमत होईना म्हणून आधी दोन कप चहा घेतला. मग म्हणालो, "सर, ते यंत्र... खाली दाखवायचं राहिलं."

सर वहीत काही लिहीत होते. पेन थांबलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "आठ दिवस मी देवाला सांगतोय, कुणी विचारू नये." मग वही मिटून, "तुम्ही विचाराल असं वाटलं नव्हतं. तुम्हाला तर चिट्ठी हवी होती."

"मंजूने विचारलं, सर. मी नाही."

"त्यांना थँक्यू सांगा," म्हणाले, आणि उठले. जुनी नळी आणि नवी चकती दोन्ही त्यांनी पोटरीला लावून घेतली आणि पट्टा मात्र माझ्या हातात दिला.

तिथे एक पद्धत होती. ज्याला पट्टा आवळलाय की सोडलाय हे माहीत आहे, त्याने आकडा वाचायचा नाही. नाहीतर मनातलं डोळ्यांत उतरतं. म्हणून बिश्तजी आमच्याकडे पाठ करून यंत्रासमोर बसले आणि मोठ्याने आकडा वाचू लागले. मी पंप मारला. दाबाचा काटा दोनशे चाळीसवर गेला. जुन्या यंत्राची सुई कागदावर आडवी झाली, अगदी सपाट. पायात आता थेंबभर रक्त जात नव्हतं.

"चौदह," बिश्तजी म्हणाले. "बारह."

सरांनी छताकडे बघत विचारलं, "अविनाशराव, पूर्ण बंद आहे ना?"

"दोनशे चाळीस, सर."

"ग्यारह।"

"पट्टा सैल नाही?"

मी बोट घालून पाहिलं. जात नव्हतं. "नाही, सर."

"ग्यारह।" बिश्तजी शांतपणे वाचत होते, स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तसे. "ग्यारह। ग्यारह।" समोर एक रक्त बंद केलेला पाय पांढरा पडत चालला होता आणि ते यंत्र त्याला जिवंत म्हणत होतं. सरांचे ओठ हलत होते. ते मिनिटं मोजत होते की आणखी काही, कोण जाणे.

तीन मिनिटं झाली. मी पट्टा सोडला. "चालीस! साठ!" बिश्तजींचा आवाज चढला. मी मात्र कागदाकडे बघत होतो. सुई उठली, थबकली, आणि मग हळूहळू तिरकी वर गेली. दमलेला माणूस जिना चढतो तशी. मला यंत्रांतलं काही कळत नाही, पण तेवढं कळलं.

सरांनी आणखी एक केलं. चकती काढून तिथली कातडी गरम पाण्याच्या पिशवीने शेकली आणि चकती परत लावली. आकडा नव्वदवर गेला. जुन्या सुईने फारशी दखलही घेतली नाही. "कातडी," सर म्हणाले. "हे कातडीतलं रक्त बघतंय. तेही धड नाही. स्नायूपर्यंत पोचतच नाही." मग ते उठून बसले, पँट खाली केली आणि कुणाला तरी निकाल वाचून दाखवावा तसे म्हणाले, "म्हणजे जुनी पद्धत बरोबर आहे."

वीस वर्षं त्यांनी हे वाक्य सिद्ध करायला घालवली होती.

चिट्ठी त्यांनी तिथेच लिहिली, चार ओळींची. सदर यंत्र स्नायूंतील रक्तप्रवाह मोजत नाही. खाली सही. मालकांनी ती दोनदा वाचली. मला वाटलं गेली नोकरी. पण ते पंजाबी गृहस्थ, खचणारे नव्हते. "स्किन का तो नापती है न? तो स्किनवालों को बेचेंगे!" पुढची दोन वर्षं मी ग्रेटर कैलाशच्या ब्युटी क्लिनिकांत बायकांच्या गालांना ती चकती लावत फिरलो. स्नायूंबद्दल अवाक्षर काढलं नाही. तो माझ्या नोकरीतला सगळ्यांत प्रामाणिक काळ असावा.

सरांना डॉक्टरकडे नेलं ते काकूंनी. डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी होता, स्टँडर्ड पायावर शिकलेला. त्याने स्पष्ट सांगितलं. सिगरेट आज बंद. आणि चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, दुखलं की उभं राहायचं, राहिलं की पुन्हा चालायचं. रोज, एकही दिवस न चुकवता. स्नायू आपल्या बारीक वाटा आपण शोधतात. शोधतीलच असं नाही. नाही शोधल्या तर काय, ते त्याने सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही.

दुखणारच हे माहीत असताना दुखण्याकडे चालत जायचं, आणि हे औषध कुणाला, तर रस्ता ओलांडायला दहा मिनिटं घेणाऱ्या माणसाला! पहिल्या दिवशी ते जिन्यापाशी येऊन उभे राहिलेले मी पाहिले. माकडटोपी, हातात घड्याळ. काकू मागे. "अहो, निघा," काकू म्हणाल्या. "निघतो," ते म्हणाले, आणि निघाले नाहीत. मग एकदम निघाले. मी दार लावून घेतलं. डोळे मिटण्याचा तो माझा एक प्रकार.

तिसरा मजला झेपेना म्हणून वर्षभरात त्यांनी फ्लॅट सोडला आणि नोएडाच्या एका नव्या सेक्टरमध्ये तळमजल्यावर घर घेतलं. जाताना सरांनी मला नवा थर्मामीटर दिला. "आधी तुमच्या तोंडात," म्हणाले.

मग भेटी विरळ झाल्या. शेवटचं पाहिलं ते एका मार्चच्या सकाळी. मी एका क्लिनिकसाठी त्यांच्या सेक्टरमधून चाललो होतो. तेव्हा तिथे रुंद सरळ रस्ते होते, विजेचे नवे खांब होते, आणि खांबांच्या मागे नुसते आखलेले प्लॉट. दुकान एकही नाही. घर असलंच तर एखादं. त्या लांबलचक मोकळ्या रस्त्यावर मला पाठमोरी माकडटोपी दिसली.

मी स्कूटर बंद करून कडेला लावली. ते चालत होते, किंचित डावीकडे झुकून. एक खांब. दुसरा. मयूर विहारात त्यांना दोन दुकानांमधलं अंतर जेमतेम जमायचं, ते या दोन खांबांएवढंच असेल. तिसरा खांब आला तेव्हा माझी मूठ वळली होती. तिसऱ्याच्या थोडं पुढे ते थांबले.

थांबायला तिथे निमित्त नव्हतं. समोर रिकामा प्लॉट, चार दगड, थोडं वाळलेलं गवत. त्यांनी प्लॉटकडे बघितल्यासारखं केलं नाही, बुटाची नाडी बांधायला वाकले नाहीत, चष्मा पुसला नाही. भर रस्त्यात, पोटरी धरून, घड्याळाकडे बघत उभे राहिले. खांदे वर आलेले. घाबरलेल्या माणसाचे असतात तसे. एवढ्या लांबून मला ते ओळखू आले.

मला हाक मारावीशी वाटली. तोंडापर्यंत आली होती. "सर!" म्हटलं असतं, ते वळले असते, मंजू कशी आहे, सई कितवीला गेली, दहा मिनिटं सहज गेली असती. पण मग त्यांना थांबायला कारण मिळालं असतं. मी तोंडावर हात ठेवून उभा राहिलो. आणि त्या दिवशी डोळे मिटले नाहीत.

किती वेळ गेला मी मोजला नाही. ते मोजत होते. मग त्यांनी घड्याळ असलेला हात खाली केला आणि डावा पाय पुढे टाकला. चौथा खांब मागे पडला. माकडटोपी लहान होत चालली. मी स्कूटर सुरू केली नाही. आवाज झाला असता. पाचवा खांब अजून बराच लांब होता, आणि ते त्याच्याकडे चालले होते.